पाचव्या खुर्चीचं वजन

वजनमापे निरीक्षकाने घरी चहा करायला घेतला तर काय होईल, हे कुठलाही शहाणा माणूस आधीच सांगू शकला असता. पण त्या घरात शहाणी माणसं दोनच, एक बायको आणि एक लेक, आणि त्या दोघींचं साहेब कधी ऐकत नसत.

साहेब म्हणजे तसे फार मोठे साहेब नव्हेत. बाजारात फिरून दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा, एवढंच काम. पण माणूस जन्मभर जे करतो ते अंगात मुरतं. साहेब केस कापायला बसले तरी मधेच आरशात बघून डावी बाजू जड राहिल्याचं न्हाव्याला सांगत. इमारतीत त्यांना तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘तराजू’ म्हणत. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याचा त्यांना मनातून अभिमानच होता.

चहा आईसाठी होता. अप्पा, म्हणजे साहेबांचे वडील, गेल्यापासून आईने बोलणं टाकलं होतं आणि आता खाणंपिणंही टाकत आणलं होतं. अप्पा असताना दोघं रोज संध्याकाळी खिडकीजवळ जेवणाच्या टेबलाशी बसून चहा घेत. अप्पांची खुर्ची हातांची, तिचा एक हात ढिला झालेला; ते टेकून बसले की कुरकुरायचा. चहा संपला की अप्पा कप बशीत पालथा घालत, कारण आई नको नको म्हणताना दुसरा कप ओतायची आणि पालथ्या कपापुढे तिचं काही चालत नसे. आता आईपुढे चहा ठेवला की ती कपाकडे बघायची, मग त्या खुर्चीकडे बघायची आणि उठून आत जायची.

“पोटात काहीतरी पातळ जात राहिलं पाहिजे,” डॉक्टर म्हणाले. “नाहीतर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. आणि या वयात तिथे गेलेलं माणूस...” डॉक्टरांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. साहेबांना अर्धवट माप खपत नसे, पण हे वाक्य पुरं करायला त्यांनी सांगितलं नाही.

जाता जाता डॉक्टर सहज म्हणाले, दूध नको वाटत असेल तर हलका हिरवा चहा देऊन बघा. दुसऱ्या कुणी कोपऱ्यावरच्या दुकानातून पुड्या आणल्या असत्या. साहेबांनी जपानी पद्धतीचा अभ्यास सुरू केला. आईजवळ बसून, तिचा हात हातात घेऊन, “माझ्यासाठी दोन घोट घे ना गं,” म्हणणं हा दुसरा उपाय होता. तो साहेबांच्या आवाक्याबाहेरचा होता. प्रेम कसं करायचं ते ज्यांना उमगत नाही ती माणसं कामाला लागतात, आणि साहेब कामाला लागले.

“जपान कुठे आहे ते मी रोज मुलांना शिकवते,” बायको म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची. “माझ्या स्वयंपाकघरात नाहीये.”

पत्ती आणि भांडी परदेशातून मागवली. ती पार्सल कचेरीत येऊन अडकली. खिडकीतल्या कारकुनाने खोकं काट्यावर ठेवलं आणि मान हलवली. “लिहिलंय त्यापेक्षा जास्त भरतंय. आत लिहिलेल्याशिवाय काहीतरी आहे.”

“तुमचा काटा पुढे आहे,” साहेब म्हणाले.

आता हे वाक्य बोलायची ती जागा नव्हती. पण साहेबांनी नुसतं बोलून न थांबता ओळखपत्र काढलं, काटा पालथा घालून बघितला, त्यावरचा शिक्का जुना झाल्याचं मोठ्याने जाहीर केलं, आणि रांगेतल्या सगळ्या लोकांचं काम बंद पाडलं. कारकुनाने शांतपणे चष्मा काढून ठेवला. मग साहेबांना या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून वरच्या मजल्यावर, वरून पुन्हा खाली पाठवण्यात आलं. वनस्पती आहे म्हणून एकाची सही, चिनीमाती आहे म्हणून दुसऱ्याची, आणि काटा पुढे आहे असं म्हणणारे तेच साहेब का, हे बघायला तिसरा एकजण मुद्दाम खुर्ची सोडून आला. खोकं हातात पडेपर्यंत साहेबांच्या नाकी नऊ आले होते. घरी येऊन त्यांनी ते स्वतःच्या काट्यावर ठेवलं. खोकं कारकून म्हणाला तेवढंच भरलं. साहेबांनी काटा पुसला, पुन्हा ठेवलं, पुन्हा तेवढंच. मग एकेक वस्तू बाहेर काढून, रिकाम्या खोक्यासकट वेगवेगळी मोजली आणि बेरीज केली, तर ती कागदावर लिहिल्याप्रमाणे तंतोतंत. रिकामं खोकं मात्र दाराशी ठेवलं होतं ते आपोआप आडवं झालं. वारा असेल, असं साहेबांनी मनाशी ठरवून टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

भांड्यांमध्ये एक चिमुकली किटली होती, जिची मूठ मागे नसून एका बाजूला काटकोनात होती. आणि बिनकानाचे पाच कप, पाच लाकडी बशा.

“आपण चौघं,” लेक म्हणाली. ती कॉलेजात जायची आणि घरात कानात गाणी घालूनच वावरायची, त्यामुळे ती काही बोलली की सगळे दचकत. “मग पाच कशाला?”

“तिकडे पाचाचाच संच असतो. चार अशुभ मानतात,” साहेब म्हणाले. “आणि ओतायची रीत अशी आहे, की सगळ्या कपांत थोडं थोडं, जाताना एका क्रमाने, येताना उलट्या क्रमाने, म्हणजे सगळ्यांचा कडूपणा सारखा. संच पाचाचा असेल तर पाचही भरायचे. एक रिकामा ठेवला तर समतोल जातो.”

तेव्हा पाचवा कप भरला गेला तो निव्वळ समतोलासाठी, हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं. पुढे बायकोने त्यावरून बरंच काही ऐकवलं.

पहिल्या दिवशी साहेबांनी पाणी उकळवलं, मग ते निवायची वाट बघत त्यात तापमापक धरून उभे राहिले. वरच्या मजल्यावरचे कॅप्टन मदतीला आले होते. कॅप्टन म्हणजे मालवाहू जहाजावरून निवृत्त झालेले गृहस्थ. कुणाच्याही घरात काही नवीन घडलं की ते मदतीला येत. “उकळतं ओता हो!” कॅप्टन म्हणाले. “कोमट पाण्याने कधी चहा होतो? मी जपानच्या बंदरात जाऊन आलोय.”

“उतरला होतात?”

“उतरायची परवानगी नव्हती. पण वास येत होता.”

साहेबांनी दुर्लक्ष केलं. पाणी हवं तेवढं निवलं, पत्ती पडली, ठरलेला वेळ गेला आणि साहेबांनी किटली उचलली. इथे एक अडचण निघाली. ती मूठ उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली, आणि साहेब डावखुरे. डाव्या हाताने धरली की चोच थेट धरणाऱ्याच्या पोटाकडे वळे. पहिला जपानी चहा साहेबांच्या पँटवर सांडला. पाणी कोमट असल्यामुळे कातडी वाचली, अब्रू तेवढी गेली. कॅप्टन जाताना जिन्यात खिदळत होते ते वर पोहोचेपर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मूठ धरायची एक चमत्कारिक पद्धत शोधून काढली, कोपर कानाजवळ नेऊन. पाचही कप भरले. संध्याकाळचा उजेड खिडकीतून आत येऊन टेबलावर सांडला होता. साहेब, बायको आणि लेक बसली, आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

आई बाहेर आली. कुणी बोलावलं नव्हतं. ती आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसली, पाच कपांवरून तिने नजर फिरवली, आणि पाचवा कप दोन्ही हातांनी उचलून अप्पांच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. लेकीने कानातली गाणी काढली.

अशा वेळी साहेब सूचना देत. “पहिला घोट डोळे मिटून घ्यायचा,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “न बोलता. तशी रीत आहे.” तशी रीत खरोखरच आहे की नाही हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, पण डोळे पुसायला दुसरी सबब सापडेना.

सगळ्यांनी डोळे मिटले. फ्रिजची घरघर थांबली. रस्त्यावरचा आवाज कुणी दार लोटावं तसा कमी झाला. दाढीच्या साबणाचा वास आल्यासारखा वाटला, आणि मग खुर्चीचा हात कुरकुरला.

साहेबांनी डोळे उघडले. आईच्या ओठांशी कप होता आणि ती पीत होती. तिच्या शेजारी, रिकाम्या खुर्चीपुढे, पाचवा कप बशीत पालथा घातलेला होता. बशीत थेंबही नव्हता.

“कुणी केलं हे?” बायकोने विचारलं. तिने लेकीकडे बघितलं, लेकीने साहेबांकडे, साहेबांनी टेबलाखाली.

“हे आले होते,” आई म्हणाली. कित्येक दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. “गवतासारखा लागतो म्हणाले. पण प्यायले.”

साहेबांची पाचावर धारण बसली. तरी सरकारी माणूस सहजासहजी शरण जात नाही. “बाष्पीभवन,” ते म्हणाले.

“आणि कप पालथा कुणी घातला? बाष्पाने?” बायको म्हणाली. मग तिने दिवा लावला, पाठोपाठ बाथरूमचा, गॅलरीचा आणि कपाटाच्या आतलाही लावला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हेच होऊ लागलं. डोळे मिटायचे, कुरकुर ऐकायची, डोळे उघडायचे, कप पालथा. बायको घाबरून हात पोटाशी धरून बसे, पण उठून जात नसे, कारण आई बदलत चालली होती. ती चहा घ्यायची, चहासोबत बिस्किट घ्यायची, मग रात्री दोन घास जेवायची. एकदा तिने लेकीच्या केसांवरून टोमणा मारला आणि लेक आनंदाने रडली. डॉक्टर येऊन तपासून गेले. “काय केलंत?” त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, “समतोल.” डॉक्टरांनी साहेबांचंही ब्लडप्रेशर बघितलं.

लेकीने एकदा फोन कपाटावर उभा करून चित्रीकरण चालू ठेवलं. त्या दिवशी कप भरलेलाच राहिला. “कुणी तोंडाकडे बघत असलं की ते पीत नाहीत,” आई शांतपणे म्हणाली आणि लेकीने निमूट फोन उचलला.

अशा गोष्टी घरात राहत नाहीत. समोरच्या वकीलकाकू, ज्या कोर्टात जेवढं बोलत त्याच्या दुप्पट जिन्यात बोलत, चौकशीला आल्या. “रोज येतात? ठरल्या वेळी? ठरल्या खुर्चीवर?” त्यांनी भिवया वर केल्या. “साहेब, हा ताबा झाला. उद्या घरावर हक्क सांगतील.”

“घर त्यांनीच घेतलेलं आहे,” साहेब म्हणाले.

“मग तर तुमची बाजू फारच कमकुवत आहे,” काकू म्हणाल्या आणि गंभीरपणे निघून गेल्या.

कॅप्टनना मात्र नुसतं ऐकून चैन पडेना. एका संध्याकाळी ते न सांगता आले, आणि कुणी काही बोलायच्या आत अप्पांच्या खुर्चीत धपकन बसले. खुर्ची कुरकुरली नाही. साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण पाहुण्याला उठवायचं कसं हा प्रश्न होता, आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना काय होतं ते बघायचंही होतं. पाचवा कप कॅप्टनपुढे गेला. डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा कप पालथा होता आणि कॅप्टन ताठ बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

“मी हात लावला नाही,” कॅप्टन म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. “माझ्या मांडीवर कोण बसलंय?”

कॅप्टन जिन्याने वर गेले ते मागे वळूनही न बघता. त्यानंतर ते मदतीला आले नाहीत. सल्ला द्यायचा झाला तर वरच्या मजल्यावरून खाली ओरडून देत.

इथे खरं तर साहेबांनी थांबायला हवं होतं. आई पीत होती, जेवत होती, बोलत होती. पण साहेबांना झोप लागेना. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट मानली होती: जे आहे त्याला वजन आहे, आणि ज्याला वजन नाही ते नाही. दुकानदार शपथा घेत, रडत, देवाची आण घालत. साहेब म्हणत, काट्यावर ठेवा. आणि आता त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलाशी, रोज कुणीतरी बिनमापाचं येऊन जात होतं. अप्पा आहेत असं मानायला त्यांचं मन आसुसलं होतं. म्हणूनच त्यांना खात्री हवी होती.

त्यांनी कचेरीतून तपासणीचा काटा आणला. जमिनीवर ठेवायचा, रुंद, पण इतका नाजूक की वर रुमाल टाकला तरी आकडा बदले. चौघांनी उचलायचा तो काटा एकट्याने जिन्यातून चढवताना साहेबांची कंबर धरली. घरात कुणी नसताना त्यांनी तो अप्पांच्या खुर्चीखाली सरकवला, वर जुनी चादर पसरली, खुर्चीचं वजन वजा करून आकडा शून्यावर आणला आणि आकड्यांची खिडकी फक्त आपल्याला दिसेल अशी वळवून ठेवली. एका कपात किती चहा मावतो तेही वेगळं मोजून ठेवलं. ओळीने केलेल्या या तयारीत आपण नेमकं काय करतोय हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. आलं असतं तर ही गोष्ट झाली नसती.

संध्याकाळ झाली. चहा झाला. डोळे मिटले. आज कुरकुर जरा उशिरा आली, आल्यावरही लांबली, जणू खुर्चीत बसणाऱ्याला काहीतरी टोचत होतं. साबणाचा वास आला. साहेबांनी डोळे उघडले आणि खाली बघितलं.

आकडा शून्यावर नव्हता. खुर्ची बरोबर एक कप चहाने जड झाली होती. त्याहून कणभर जास्त नाही, कणभर कमी नाही. अप्पांचं स्वतःचं वजन काहीच नव्हतं, पण प्यायलेला चहा तिथे होता, रिकाम्या जागेत, बसलेला.

“बरोबर!” साहेब ओरडले. “अगदी बरोबर भरलं!”

त्या क्षणी आकडा शून्यावर गेला. पडदा हलला. आईने खाली वाकून चादर उचलली. तिने काटा बघितला, मग मुलाकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर आलेलं तेज उतरलं.

“वजनावर बसवलंस?” ती म्हणाली. “स्वतःच्या बापाला?”

साहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच अचूक मापाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कप भरलेला राहिला. तिसऱ्या दिवशीही. कुणी बघत नव्हतं, फोन नव्हता, काटा उचलून नेला होता. नेताना तो साहेबांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला आणि साहेबांना ते योग्यच वाटलं. पण खुर्ची गप्प. आई एक दिवस बसली, दुसऱ्या दिवशी बसून तिने कप बाजूला सारला. मग ती बाहेर येईना. बोलणं गेलं, बिस्किट गेलं, घास गेला. “ते रुसलेत,” एवढंच शेवटचं म्हणाली होती.

साहेबांनी माफी मागायचं ठरवलं. वरिष्ठांची माफी कशी मागायची ते त्यांना येत होतं, पण इथे वरिष्ठ दिसत नव्हते. घरात एकटे असताना ते खुर्चीसमोर उभे राहिले. “अप्पा,” ते म्हणाले, “झालं ते चुकलं. यापुढे असं होणार नाही.” मग हे फारच कचेरीतलं वाटलं म्हणून पुन्हा म्हणाले, “अप्पा, चुकलो हो.” वरून कॅप्टनचा आवाज आला, “जोरात बोला! त्यांना कमी ऐकू यायचं!”

डॉक्टर आले. त्यांनी आईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच वर उभी राहिली. “उद्या सकाळी दाखल करा,” ते म्हणाले. बायको कपाटातून आईची लुगडी काढायला गेली आणि कपाटाशीच उभी राहिली.

“आज एकदा करतो,” साहेब म्हणाले. “शेवटचा.”

“करा,” बायको म्हणाली. तिने स्वतःच पाचही कप पुसून मांडले, आणि पाचवा खुर्चीपुढे ठेवताना तिचा हात जराही कापला नाही.

साहेबांनी तापमापक काढला आणि पुन्हा खणात ठेवला. पाणी निवलं का हे भांड्याला तळहात लावून बघितलं. किती वेळ झाला ते घड्याळाकडे न बघता खिडकीतल्या उजेडाकडे बघत ठरवलं. कोपर कानाशी होतं, तरी चहा पाचही कपांत गेला. शेवटचा थेंब त्यांनी अप्पांच्या कपात झटकला. लेकीने आजीला धरून बाहेर आणलं. आई बसली, पण तिने कपाला हात लावला नाही.

“डोळे मिटा,” साहेब म्हणाले.

सगळ्यांनी मिटले. साहेबांनीही मिटले आणि कान देऊन ऐकलं. फ्रिज घरघरत राहिला. खाली रस्त्यावर कुणी कुणाला हाका मारत होतं. खुर्ची कुरकुरली नाही. साहेबांनी डोळे किलकिले केले. पाचवा कप काठोकाठ भरलेला, वर वाफही नाही. आईचे डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, आणि एक हात टेबलावरून मागे, मांडीकडे सरकत होता. तो हात मांडीवर गेला की संपलं, हे साहेबांना कळलं. तेवढं कळायला काटा लागत नाही.

मग वजनमापे निरीक्षकाने, ज्याने जन्मभर खोटं माप पकडलं, त्याने हात लांब करून अप्पांचा कप उचलला, अप्पा घेत तसा मोठा फुरका मारून एका दमात संपवला, कप बशीत पालथा घातला आणि पायाने खुर्ची हलवून तिचा ढिला हात कुरकुरवला. घशातून कडू चहा खाली गेला. आपण खोटं माप दिलं, आणि तेही आपल्या आईला, हे त्यांना एकाच वेळी भयंकर आणि अगदी साधं वाटलं.

आईचा हात थांबला. तिने डोळे उघडले नाहीत. तिच्या सुरकुतलेल्या गालांवर हळूच हसू आलं.

“एवढा मोठा फुरका नसतो रे त्यांचा,” ती म्हणाली.

साहेबांच्या कानशिलांवर रक्त चढलं. बायकोने डोळे उघडले. लेकीने उघडले. साहेब मान खाली घालून बसले, पकडल्या गेलेल्या दुकानदारासारखे. खोलीत अचानक फार शांत वाटलं. फ्रिज केव्हाच थांबला होता. दाढीच्या साबणाचा वास येत होता, अगदी जवळून, खांद्याशी.

“आई, मी...”

“पण आले,” आई म्हणाली. तिने आपला कप दोन्ही हातांत धरला आणि ओठांना लावला. एक घोट, मग दुसरा. “तुझ्या बाजूने आले. तुझा कप बघ.”

साहेबांनी स्वतःच्या कपाकडे बघितलं. त्याला त्यांनी अजून हात लावला नव्हता. ओतला तसा तो भरलेला, त्यांच्या डाव्या हाताशी होता. आता तो बशीत पालथा होता. बशी कोरडी होती. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी हात टेकला असावा तशी ती किंचित मागे झुकली, आणि मग सरळ झाली.

कुणीही किंचाळलं नाही. बायकोने फक्त आपली खुर्ची साहेबांच्या जवळ ओढून घेतली. आईने रिकामा कप पुढे केला.

“आणखी घाल,” ती म्हणाली. “सगळ्यांना घाल.”

साहेबांनी पालथे कप दोन्ही सुलटे केले, किटलीत पाणी ओतलं आणि पुन्हा पाचही भरले. किती भरले ते त्यांनी बघितलं नाही. या वेळी कुणी सांगायची वाट न बघता त्यांनीच सर्वांत आधी डोळे मिटून घेतले.